ढिगाच्या तळातली वेणी

इनूसभाई, तुमच्यावर लिहायला बसलोय खरा, पण रडगाणं गाणार नाही. तुम्हालाही ते आवडायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि ते पुरं केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला आता उत्तर देता येत नाही म्हणून मी एकटाच बोलून जिंकून जाईन, असं मात्र समजू नका. आज माझ्यापाशी अशी बातमी आहे की तुम्ही नुसतं मिशीत हसलात तरी भागेल.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. चाकणच्या कब्रस्तानात तुमच्यावर माती लोटणाऱ्यांत मीही होतो. कांदा बाजारातले हमाल रांगेनं उभे होते. मला दुःख झालंच, पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला होता. कारण ज्येष्ठात आपण भांडलो तेव्हा मी तावातावानं म्हणालो होतो, "इनूसभाई, ते बी रुजायचं नाही. आणि चमत्कार होऊन रुजलंच, तर तुमच्या हयातीत नक्कीच नाही." तुम्ही मोठ्यानं हसलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि एसटी पकडायला गेलात. भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही उठलाच नाहीत. बोलून गेलेले शब्द परत घेता येत नाहीत, हे मला कालपर्यंत छळत होतं.

आपली ओळख झाली तो दिवस आठवतो? पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि मी त्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायला लागलो होतो. कोकणातून आलेला एकटा माणूस, रहाटणीत रखमाकाकूंच्या दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. बाकी कसलं व्यसन नव्हतं, पण आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलांचा नाद होता. त्यातही एकाच जातीचा, जिला आपल्याकडे सीतेची वेणी म्हणतात तिचा. झाडाच्या फांदीवर वाढते, जाड राखाडी मुळ्या हवेत सोडते आणि वैशाख-ज्येष्ठात तिचा फुलांचा घोस गजऱ्यासारखा खाली लोंबतो. काकू तिला ‘शितंची येनी’ म्हणायच्या आणि वटपौर्णिमेला अंबाड्यात माळायच्या. पण मी काही साधी वेणी पाळणारा नव्हतो, महाराज! मी कालिंपोंगच्या एका नर्सरीतून रेल्वे पार्सलनं निवडक, नावाची वाणं मागवली होती. ‘स्नो क्वीन’ ठिपका नसलेली पांढरीशुभ्र, ‘पर्पल क्राउन’ जिभेसारखी पुढची पाकळी गडद जांभळी असलेली, आणि ‘लाँग टेल’ सगळ्यांत लांब घोसाची. ती तिन्ही काकूंच्या अंगणातल्या जांभळीला टांगली होती, प्रत्येकीच्या गळ्यात पत्र्याची पट्टी. चौथी शेजारच्या आंब्यावरची, आपोआप आलेली. तिला पट्टी नव्हती.

तुम्ही काकूंचा कांदा बघायला आला होतात. वावरात ढीग लागला होता, पण तुम्ही माझ्या जांभळीखाली थांबलात. मी हौसेनं माझा तक्ता आणून दाखवला. ड्रॉइंगच्या कागदावर निळ्या शाईत आखलेले चार रकाने: घोसाची लांबी, फुलांची दाटी, रंग, किती दिवस टिकतात. तीन रकान्यांवर तीन नावं आणि चौथ्यावर मी लिहिलं होतं, ‘रानटी’.

"साहेब, ह्या तिन्ही नावाच्या?" तुम्ही विचारलंत.

"नावाच्या."

"आन् ही चौथी?"

"ती रानटी. मूळ जंगली रूप. बघा ना, हिच्यापेक्षा तिघी किती सरस आहेत."

"एकच बगितली व्हय रानटी?"

"एक काय नि शंभर काय, रानटी ती रानटी."

तुम्ही मला हाताला धरून कांद्याच्या ढिगापाशी नेलंत. वरच्या थरातला एक गरगरीत लालबुंद कांदा उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. मग बाही सारून डावा हात कोपरापर्यंत ढिगात घातलात आणि अगदी तळातला एक कांदा काढलात. तो होता बारका, कुबड आल्यासारखा.

"ह्यो वरचा निवडल्याला. ह्येला आपण नाव देऊ, स्नो क्वीन. आन् ह्यो हाताला आला त्यो. ह्येला म्हणू रानटी. आता तुमी ह्या दोगांची कुस्ती लावणार आन् म्हणणार, बगा रानटी हरला. ह्यो इन्साफ न्हाई, साहेब. तिकडं कालिंपोंगला कुणीतरी ढीग निवडलाय. तवा तुमीबी हितला ढीग निवडा. मंग बोला."

मी परत तक्त्याकडे बघू लागलो. तेवढ्यात काकूंनी तोंड घातलं. त्या म्हणाल्या, "आवं इनूसभाऊ, कांदा बघाय आलाय का फुलं? ऊन चढाय लागलं की!"

‘ह्यो इन्साफ न्हाई’ एवढ्या एका वाक्यानं तुम्ही माझा तक्ता फाडला होता. कारखान्यात साहेब लोकसुद्धा माझ्या नकाशात चूक काढायला बिचकायचे, आणि इथे चाकणचा एक कांद्याचा व्यापारी येऊन म्हणतो, तुमचा चौथा रकानाच खोटा! मी दोन दिवस धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं: ‘ढीग निवडायला केव्हा येता?’

पुढची सगळी मजा त्या कार्डातून निघाली. रविवारी सकाळी तुम्ही एसटीनं यायचात, मग दोन सायकली काढून आपण रहाटणीहून पुनावळ्याच्या वाटेला लागायचो. वाटेतला एकही आंबा, जांभूळ, उंबर सोडला नाही. तुमची पद्धत बाजारातली होती. लांबूनच म्हणायचात, "ही गोलटी." म्हणजे बारीक घोस, सोडून द्या. एकीच्या दोन घोसांची गुंतवळ झाली होती, तर ती ‘जोड’. फुलं विरळ असली तर तोंड वाकडं करून ‘पोकळ’. मी पट्टी लावून मोजायचो आणि तुम्ही नजरेनं सांगायचात, आणि माझी पट्टी बहुतेक वेळा तुमच्या नजरेपाशीच येऊन थांबायची. याचा मला तेव्हा फार जाच व्हायचा, आता कबूल करतो.

आणि काय काय दिसलं, इनूसभाई! रानटी म्हणून मी जिला एका रकान्यात कोंबलं होतं, त्या रकान्यात दोन झाडं एकसारखी नव्हती. एक फिकी गुलाबी, एक वांगी रंगाकडे झुकणारी. एक इतरांच्या आठ दिवस आधी फुलून मोकळी व्हायची. ओढ्याकाठच्या उंबरावर तर जवळजवळ पांढरी सापडली, फक्त चार-दोन ठिपके. ते ठिपके मोजून तुम्ही म्हणालात, "तुमच्या क्वीनची सख्खी बहीण हाय, फक्त पावडर लावायची राहिली." माझा तक्ता रुंद होत गेला. दुसऱ्या वर्षी मला कागदाला कागद डकवावा लागला.

मी हरलो असं नाही हं. ‘पर्पल क्राउन’च्या रंगाला एकही रानटी वेणी पोचली नाही. तुम्ही ते टोपी काढून मान्य केलंत: "रंगात तुमची जिंकली. तिकडच्या निवडणाऱ्याची नजर चांगली हाय." समोरच्याचं चांगलं असेल ते असं सरळ तोंडावर मान्य करणारा माणूस मी तुमच्याआधी पाहिला नव्हता.

मग पुनावळे. रखमाकाकूंच्या माहेरचा, त्यांच्या भावाच्या शेतातला तो थोराड आंबा. आपण अर्धा तास माना वर करून बघत होतो. तुमच्या चपलेत खडा गेला म्हणून तुम्ही बुंध्यापाशी बसलात आणि बसूनच राहिलात. सर्वांत खालची फांदी बांधाला टेकायला आली होती, आणि तिच्या पोटाखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, ती लोंबत होती. दाट, भरलेली, कणसासारखी गच्च. मी पालथा पडून पट्टी लावली. ‘लाँग टेल’पेक्षा दोन बोटं लांब! मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा तुम्ही मोजायला लावलंत.

"वर समदेच बगत्यात, माधवराव," तुम्ही म्हणालात. साहेबावरून माधवराववर तुम्ही आलात ते त्याच दिवशी. दोघंही चिखलात बसून वेड्यासारखे हसत होतो आणि काकूंचा भाऊ बांधावरून बघत होता, ह्यांना भूत लागलंय की काय म्हणून.

तिला शेजारी एक फुटवा होता. भावाला विचारून आपण तो हळूच सोडवला. तुम्ही खिशातून दाभण काढलंत, जुन्या कांद्याच्या पोत्याचा तुकडा घेतलात आणि मुळ्या त्यात गुंडाळून आंब्याच्या ओंडक्याला शिवून टाकल्यात. तुम्ही डावखुरे, त्यामुळे तुमचा टाका उलटा पडायचा. बाजारात कुठल्याही पोत्याच्या तोंडाकडे बघून हमाल सांगायचे, हे इनूसभाईंनी शिवलंय. तो ओंडका माझ्या जांभळीवर आला, आणि मूळ झाड जिथल्या तिथे राहिलं.

फुटवा दोन वर्षांनी फुलला, तेव्हा पुण्यातल्या हौशी बागवाल्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. आपली पैज ठरलेली होती. लांबी आणि दाटीत माझी ‘लाँग टेल’ सरस ठरली तर तुम्ही, नाहीतर मी, जिंकणारीला पाटीत घालून डोक्यावरून स्टेशनापर्यंत न्यायचं. टेबलापाशी नावं लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी तुमच्या ओंडक्याकडे बघून मान हलवली.

"हा विभाग नावाच्या वाणांचा आहे. रानटी रोपं इथे घेत नाही."

तुम्ही शांतपणे विचारलंत, "नाव कोन देतं, साहेब?"

"ज्यानं निवडली तो."

"मंग मी निवडली. चार सालं लागली निवडाय."

"बरं, नाव सांगा."

मला वाटलं तुम्ही तुमच्या बेगमचं नाव सांगाल, निदान चाकणचं तरी. तुम्ही म्हणालात, "तळातली." गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "लिहा, लिहा. नाव आहे ते." आणि त्यांनी पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं: ‘तळातली. निवड: इनूसभाई, चाकण.’

परीक्षक म्हणजे एक वयस्कर डॉक्टर होते. ते ‘लाँग टेल’पाशी थांबले, ‘तळातली’पाशी थांबले, परत मागे गेले, परत पुढे आले. खिशातली फीत काढून दोन्ही घोस मोजले, फुलांच्या रांगा बोटानं मोजल्या. शेवटी पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी त्यांनी पोत्याच्या तुकड्यावर टेकवून ठेवली. तुम्ही ओरडला नाहीत, नाचला नाहीत. फक्त डावा हात वर उचलून कोपरापासून बोटांपर्यंत झटकलात, ढिगात हात घालून बाहेर काढल्यावर झटकायचात तसा.

मी मात्र ओरडलो. हरलेला मी, आणि ओरडलो मीच. मग भर रस्त्यातून डोक्यावर कांद्याची पाटी, पाटीत वेणी, तिचा घोस माझ्या नाकासमोर लोंबतोय, आणि पुढे तुम्ही हमालासारखी हाळी देताय, "बाजूला व्हा राव, बाजूला! तळातली वर आलीय!" टांगेवाले थांबून बघत होते. ड्रॉइंग ऑफिसातला एक जण वाटेत भेटला, त्यानं मला ओळख दिली नाही. इतका आनंद मला आयुष्यात क्वचितच झाला असेल, आणि तो तुम्ही दिलात. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. तुम्ही चेष्टेवारी नेलं असतंत म्हणून नाही, तर मलाच सांगता आलं नसतं म्हणून.

आता भांडणाकडे येतो. फुटवा काढला त्याच्या पुढच्या साली पुनावळ्याच्या मूळ झाडाला एक शेंग धरली होती. ती पिकल्यावर तुम्ही मला मुद्दाम बरोबर नेलंत. आतलं बी म्हणजे तपकीर. फुंकर मारली तर उडून जाईल. तुम्ही ते आंब्याच्या सालीवर, मूळ झाडाच्या मुळ्यांशेजारी, अंगठ्यानं चोळलंत आणि वरून ओल्या पोत्याचा तुकडा शिवून टाकलात. मी हसून हसून बेजार झालो.

"इनूसभाई, हा कांदा आहे का? चांगला कांदा निवडला, परत लावला, बी धरलं, झालं? ह्या बियाला पोटात शिदोरी नसते. लाखात एखादं रुजतं, ते पण नशिबानं. आणि रुजलं तरी ती ‘तळातली’ नव्हे. वाणाचं नाव फक्त त्याच रोपाच्या फुटव्याला चालतं. बियाची रोपं वेगळी, त्यांना ते नाव लावता येत नाही."

"का बरं?"

"नियम आहे."

"पोरगं बापावानी दिसलं न्हाई तर बापाचं नाव काढून घेत्यात व्हय?"

यावर मी नुसता आवाज चढवला. पुढे प्रदर्शन झालं, पाटी झाली, तरी हे भांडण दर ज्येष्ठात उकरून काढायचो आपण. तुमचं म्हणणं, एकाच रोपाला नाव देऊन त्याचे तुकडे करत बसायचं, हा कसला वाण? उद्या ते रोप मेलं की नावही मेलं. माझं म्हणणं, बियानं नाव टिकत नाही. आणि मग यंदाच्या ज्येष्ठात ते वाक्य माझ्या तोंडून गेलं.

तुमच्या आजारपणात मी आलो तेव्हा तुम्ही ग्लानीत होतात. बेगमनं सांगितलं, कालपासून कुणाला ओळखत नाहीत. पण तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "माधवराव, हात घाला." परत म्हणालात, "तळाशी. हात घाला." मला वाटलं तुम्ही तापात बाजारात फिरताय, ढिगापाशी उभे आहात. मी म्हणालो, "हो, घालतो." तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत.

काल सहज रखमाकाकूंना हे सांगितलं. काकू भाकरी थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "आवं, ढिगात न्हवं वो. इनूसभाऊ मागल्या म्हैन्यात पुनावळ्याला गेलं व्हतं. माझ्या भावानं पायलं की. आंब्याखाली बसून कायतरी शिवीत व्हतं. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मी चहासुद्धा न घेता सायकल काढली.

आंब्याची ती खालची फांदी तशीच बांधाला टेकलेली. पोत्याचा तुकडा होता, पण जुना नव्हता. नवी सुतळी, आणि टाका उलटा. माझ्याकडे कात्री नव्हती, दातांनी सुतळी तोडली. मग तुम्ही सांगितलं होतंत तसा हात घातला. सालीच्या भेगेत बोटांना काहीतरी लागलं, तीळ-तांदळाएवढं, गार. मी पोतं बाजूला केलं.

इनूसभाई, हिरवी रोपं होती! काही नुसते हिरवे मणी, पण बाकीच्यांना दोन-दोन पानं, आणि सर्वांत मोठ्याची तीन, नखाएवढी, टोकाला कुरतडल्यासारखी, अगदी आईसारखी. मुळ्या सालीला घट्ट धरून बसल्या होत्या. असल्या रोपाला एवढं व्हायला दोन वर्षं तरी लागतात, हे तुम्हाला शिकवणारा मीच. म्हणजे यंदाच्या ज्येष्ठात मी तावातावानं ते वाक्य बोललो तेव्हा ही सगळी पोत्याखाली जिवंत होती. आणि तुम्ही हसला होतात. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का हो? की मागच्या महिन्यात पोतं उसवलंत तेव्हा कळलं? काही असो, तुम्ही सांगत सुटला नाहीत. पोतं परत शिवलंत, मी स्वतःच्या हातानं शोधावं म्हणून. पहिल्या दिवशी वावरात केलंत तेच पुन्हा केलंत.

मी तिथेच चिखलात बसलो आणि हसलो. एकटाच, मोठ्यानं. रडू आलं, नाही असं नाही, पण ते मागून आलं. काकूंचा भाऊ परत बांधावर येऊन उभा होता. त्याला म्हणालो, "इनूसभाई जिंकले." तो म्हणाला, "आसं व्हय? बरं झालं की."

आता भांडणाचा एकच मुद्दा उरला. ह्या रोपांना काय म्हणायचं, नावाची की रानटी? नियमानं ती ‘तळातली’ नव्हेत. पण कालपासून मला ‘रानटी’ हा शब्द लिहवत नाही. ती फुलतील तेव्हा, अजून चार-पाच वर्षांनी, मी एकेकीपुढे पट्टी घेऊन बसेन. तुमचंच खरं ठरलं तर तसं लिहीन, माझं ठरलं तर तेही लिहीन. तुम्हाला लबाडी चालायची नाही.

पोतं मी परत शिवलं. माझा टाका सरळ पडला, तेवढं चालवून घ्या. घरी आल्यावर तो जुना डकवलेला तक्ता काढला, चौथ्या रकान्यावरचा शब्द खोडला, आणि कोरा कागद ताणून बसवून निळ्या शाईत पहिली ओळ लिहिली: ‘पुनावळे, थोराड आंबा, खालची फांदी. तळातलीच्या बियाची रोपं, अकरा. रुजली: इनूसभाईंच्या हयातीत.’